रेसच्या घोड्याची डोप टेस्ट: तबेल्यातली तयारी कशी करायची

नवीन मालक आणि शिकाऊ ट्रेनर मंडळी मला डोप टेस्टबद्दल हमखास एकच प्रश्न विचारतात, अमुक औषध घोड्याच्या अंगात किती दिवस दिसतं? आणि मी दरवेळी म्हणतो की आधी तुमच्या तबेल्यातली औषधांची वही दाखवा. वही एकतर नसते किंवा असली तर शेवटची नोंद दीड महिन्यापूर्वीची. मी जे पॉझिटिव्ह रिपोर्ट जवळून बघितलेत त्यातले बहुतेक कोणी घोडा जोरात पळावा यासाठी चोरून काही टोचलं म्हणून आलेले नव्हते, कुणी लिहायला विसरलं, कुणी बादली धुतली नाही, कुणी दुसऱ्या घोड्याची ट्यूब वापरली, असल्या फालतू गोष्टींनी आलेले होते. म्हणून हे सगळं तबेल्याच्या बाजूने सांगतोय, लॅबबद्दल लागेल तेवढंच.

आधी नियम काय ते थोडक्यात, कारण इथेच लोकांचा गोंधळ असतो. औषधांचे ढोबळ दोन गट धरा. पहिल्या गटात अशा गोष्टी आहेत ज्या घोड्याला कधीच द्यायच्या नाहीत, रेस असो नसो, घोडा ट्रेनिंगमध्ये असो की आरामावर, म्हणजे अॅनाबॉलिक (स्नायू फुगवणारी) स्टेरॉइड, रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं ईपीओ, ग्रोथ हार्मोन, जीन डोपिंग वगैरे. दुसऱ्या गटात रोजची साधी औषधं आहेत, वेदनाशामक, सूज उतरवणारी, दम लागतो म्हणून दिलेली, जखमेचं मलम. ही द्यायला काही हरकत नाही, व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, सांगितली तर द्यायलाच हवीत, फक्त रेसच्या दिवशी त्यांचा अंश अंगात असता कामा नये. बहुतेक देशांचे नियम रेसिंग संस्थांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ६ वर उभे आहेत आणि त्याचा गाभा हाच आहे. अमेरिकेत बरीच वर्षं प्रत्येक राज्याचा वेगळा कारभार होता, २०२० मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि २२ मे २०२३ पासून डोपिंगचे नियम हिसा या देशभराच्या रेसिंग संस्थेच्या एका छत्राखाली आले. तिथे फ्युरोसेमाइड, ज्याला सगळे लॅसिक्स म्हणतात, ते फुफ्फुसातून रक्त येऊ नये म्हणून रेसच्या दिवशी चार तास आधीपर्यंत द्यायची सवलत तेव्हा बऱ्याच रेसना ठेवली, दोन वर्षांच्या घोड्यांना आणि स्टेक्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या, रेसना मात्र नाही. बाकी बहुतेक देशांत रेसच्या दिवशी लॅसिक्स चालत नाही, त्यामुळे घोडा एका देशातून दुसऱ्या देशात पळवणार असाल तर तिथलं नियमांचं पुस्तक नव्याने वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जबाबदारी ट्रेनरची. कोणी दिलं, का दिलं, मुद्दाम की चुकून, हे नंतर शिक्षा किती करायची ते ठरवताना बघतात, पण घोड्याच्या अंगात सापडलं म्हटल्यावर घोडा बाद, बक्षीस गेलं. "मला माहीतच नव्हतं" याला तिथे फारशी किंमत नाही.

आता तो किती दिवसांचा प्रश्न. यात दोन शब्द आहेत आणि लोक ते एकच समजतात. डिटेक्शन टाइम म्हणजे अभ्यासासाठी घेतलेल्या थोड्याशा घोड्यांना ठरावीक कंपनीचं औषध ठरावीक डोसमध्ये ठरावीक मार्गाने दिलं, आणि त्या सगळ्या घोड्यांच्या सॅम्पलमध्ये ते मर्यादेच्या खाली गेलं तो वेळ. विथड्रॉल टाइम म्हणजे त्या आकड्यावर तुमच्या व्हेटने तुमच्या घोड्यासाठी आणखी काही दिवस वाढवून ठरवलेला वेळ. पहिला आकडा यादीत सापडतो, दुसरा यादीत नसतो, तो डोकं वापरून काढावा लागतो. तुमचा घोडा त्या अभ्यासातल्या घोड्यांपेक्षा जाड असेल, किडनी हळू चालत असेल, डोस एकदाच्या ऐवजी चार दिवस दिला असेल, तोंडावाटे दिलं असेल आणि अर्धं चंदीच्या भांड्यात सांडून दुसऱ्या दिवशी परत चाटलं असेल, प्रत्येक गोष्टीने वेळ वाढतो. युरोपातल्या यादीत ब्युटचा, म्हणजे फेनिलब्युटाझोनचा, डिटेक्शन टाइम १६८ तास आहे, म्हणजे पूर्ण सात दिवस. सातव्या दिवशी रेस असेल तर सातव्या दिवशी पळवायचं का? अजिबात नाही. व्हेटला लेखी विचारा आणि त्याने सांगितलेली तारीख घोड्याच्या बॉक्सच्या दारावर लावा.

ब्युटचं हे दुखणं जुनं आहे. १९६८ च्या अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत डान्सर्स इमेज नावाचा घोडा पहिला आला आणि लघवीत ब्युट सापडलं म्हणून पहिलं बक्षीस दुसऱ्या आलेल्या फॉरवर्ड पासला गेलं. घोड्याच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं होतं की औषध रेसच्या जवळजवळ आठवडाभर आधी दिलं होतं. प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं, शेवटी निकाल तोच राहिला.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बऱ्याच ठिकाणी सरळ १४ दिवस घोडा पळवायचाच नाही असा नियम आहे, तिथे लॅबमध्ये दिसतं की नाही हा प्रश्नच येत नाही, तारीख मोजतात. प्रोकेन पेनिसिलिनचं लोकांना कळतच नाही, म्हणतात अँटिबायोटिक आहे त्यात काय, अहो त्यातलं प्रोकेन हे बधिर करणारं औषध आहे आणि ते स्नायूतल्या इंजेक्शनच्या जागेवरून हळूहळू झिरपत राहतं, पेनिसिलिन कधीच संपलेलं असतं तरी प्रोकेन दिसतं. मलमांचंही तेच. २०२१ मध्ये मेडिना स्पिरिट नावाचा घोडा केंटकी डर्बी जिंकला आणि रक्तात बीटामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं, एका मिलिलिटरमध्ये २१ पिकोग्रॅम. ट्रेनर बॉब बाफर्टच्या बाजूने सांगितलं गेलं की सांध्यात इंजेक्शन नव्हतं, त्वचेवरच्या पुरळासाठी मलम लावत होतो. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये घोडा बाद झाला आणि दुसरा आलेला मँडलून विजेता ठरला. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग, तेव्हा "थोडंसंच लावलं होतं" हे वाक्य तबेल्यातून हद्दपार करा.

काही पदार्थांना मात्र ठरावीक मर्यादा दिलेली असते, कारण ते घोड्याच्या शरीरात किंवा चाऱ्यात मुळातच असतात. लघवीत सॅलिसिलिक अॅसिड मिलिलिटरला ७५० मायक्रोग्रॅमपर्यंत, थिओब्रोमिन २ मायक्रोग्रॅमपर्यंत, आर्सेनिक ०.३, कोबाल्ट ०.१. कोबाल्टची मर्यादा अलीकडची आहे, बी-१२ च्या नावाखाली लोक मीठ ओतल्यासारखं कोबाल्ट ओतायला लागले म्हणून ती आणावी लागली. तुम्ही टॉनिक देत असाल, पावडर देत असाल, चाटण ठेवत असाल तर प्रत्येकाच्या लेबलवरचं कोबाल्ट एकत्र मोजा, एकेक डबा निर्दोष असतो, चार डबे मिळून नसतात.

आता वही. कृपा करून मोबाइलवरच्या ग्रुपवर मेसेज टाकणे याला नोंद म्हणू नका. कागदाची जाड वही, पानं क्रमांक घातलेली, औषधांच्या कपाटालाच दोरीने बांधलेली. घोड्याचं नाव, औषधाचं नाव, बॅच नंबर, डोस, तोंडावाटे की शिरेत की स्नायूत की वरून, तारीख आणि वेळ, कोणी दिलं, कोणत्या व्हेटने सांगितलं, आणि शेवटच्या रकान्यात कुठल्या तारखेआधी पळवायचा नाही. औषध देण्याआधी लिहायचं, देऊन झाल्यावर नाही, कारण देऊन झाल्यावर कोणीतरी हाक मारतं आणि राहून जातं. रात्री बसून आठवून आठवून लिहिलेली वही म्हणजे वरातीमागून घोडे, आणि चौकशीला आलेला माणूस एकाच पेनने एकाच बैठकीत लिहिलेलं पान दोन मिनिटांत ओळखतो.

आमच्याकडे एकदा काय झालं, एका घोडीचा मागचा पाय संध्याकाळी जरा सुजलेला दिसला म्हणून मोतद्दाराने मायेने शेजारच्या घोड्याची ब्युट पेस्ट उचलली आणि दिली. चांगला माणूस, घोडीवर जीव. लिहायचं त्याच्या गावीही नाही. पाच दिवसांनी तिची रेस. मी रेसच्या आदल्या दिवशी कपाट आवरताना पेस्टची सिरिंज उचलली तर दांड्यावरची डोसची रिंग वहीतल्या शेवटच्या नोंदीपेक्षा एक खूण पुढे. एवढंच. त्या एका खुणेवरून विचारत विचारत गेलो आणि तो बिचारा सरळ म्हणाला, हो, मीच दिली. घोडी विथड्रॉ केली, मालक आठवडाभर बोलला नाही, मी पण त्याला समजावत बसलो नाही. तेव्हापासून नियम असा की पेस्टची सिरिंज ज्या घोड्याची त्याचं नाव त्यावर मार्करने, आणि वापरलेली रिंग कुठे आहे तेही वहीत.

पण वही चोख ठेवूनही घोडं पेंड खातं ते खरोखर पेंडीतच, म्हणजे चंदीत. तुम्ही काहीही दिलेलं नसतं आणि पोत्यातून येतं. अस्कॉट गोल्ड कपमध्ये २०१४ साली राणी एलिझाबेथची घोडी एस्टिमेट दुसरी आली आणि तिच्यात मॉर्फिन सापडलं, चौकशीत निघालं की खाद्यातच खसखशीच्या झाडाचा अंश मिसळला गेला होता. ट्रेनरला दंड झाला नाही पण घोडी बाद झालीच. २०२० मध्ये पॅरिसच्या आर्क या मोठ्या रेसच्या आदल्या दिवशी आयर्लंडचा ट्रेनर एडन ओब्रायनने आपले चारही घोडे काढून घेतले, का तर खाद्यात झिलपॅटेरॉल, म्हणजे गुरांचं मांस वाढवायचं औषध, असल्याचा संशय. एवढ्या मोठ्या तबेल्यांची ही गत, तर आपण कोण.

त्यामुळे रेसच्या घोड्यांसाठी तपासलेलं म्हणून विकलं जाणारं खाद्यच घ्या, आणि प्रत्येक नवीन बॅचमधून दोन मुठी काढून पिशवीत सील करून, तारीख आणि बॅच नंबर लिहून कोरड्या जागी ठेवा, निदान त्या काळातल्या सगळ्या रेसचे रिपोर्ट येईपर्यंत. पोतं रिकामं झालं की त्याचं लेबलही कापून ठेवा. गवताच्या गठ्ठ्यात धोतरा आहे का ते सोडताना बघा, त्यातून अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन येतं. कोकोची टरफलं असलेलं कुठलंही खाद्य किंवा अंथरूण नको, त्यात थिओब्रोमिन. मोड आलेल्या बार्लीतून हॉर्डेनिन येतं. चहा-कॉफीचा कप घोड्याच्या बॉक्सजवळ नको, चॉकलेटचा तुकडा लाडाने भरवायचा नाही, आणि हे पाहुण्यांना तोंडावर सांगा, वाईट वाटलं तर वाटू दे.

एक नाजूक विषय आहे पण बोलायलाच हवा. रात्रपाळीचा माणूस कंटाळा करून बॉक्सच्या कोपऱ्यात लघवी करतो. तो स्वतः वेदनाशामक किंवा मधुमेहाची गोळी घेत असेल तर ते पेंढ्यात जातं, घोडा तो पेंढा खातो आणि पॉझिटिव्ह येतो. खोटं वाटेल पण अशा केसेस झालेल्या आहेत. उपाय भाषण देणं नव्हे, उपाय म्हणजे जवळ स्वच्छ संडास असणं आणि रात्री तिथे दिवा असणं. तसंच सगळ्या स्टाफला सांगा की पाठीला, गुडघ्याला बाम लावला तर हात धुऊनच लगामाला हात लावायचा, घोड्याच्या जिभेला पट्टी बांधणार असाल तर हातमोजे घाला.

औषध चालू असलेल्या घोड्याचा बॉक्स, बादली, चंदीचं भांडं, खराऱ्याचा ब्रश सगळं वेगळं, लाल पट्टी मारून. त्याचा पेंढा रोज पूर्ण काढायचा, कारण फ्लुनिक्सिनसारखी वेदनाशामक औषधं लघवीतून पेंढ्यात आणि पेंढ्यातून परत तोंडात असा फेरा मारत राहतात आणि तुम्ही बसता दिवस मोजत. कोर्स संपला तरी तो बॉक्स धुऊन झाल्याशिवाय रेसच्या घोड्याला द्यायचा नाही.

रेसच्या दिवशी चंदी, गवत आणि पाणी, बस. टॉनिक नाही, चाटण नाही, नळी तर अजिबात नाही. पूर्वी खाण्याचा सोडा आणि साखर पाण्यात कालवून नाकातून नळीने पोटात सोडायचे, त्याला मिल्कशेक म्हणत, स्नायूत तयार होणारं आम्ल मारायला. ते पकडायला रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात, आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरला ३६ मिलिमोल, आणि हे रक्त बऱ्याचदा रेसच्या आधीच घेतात. घोडा निघाल्यापासून सॅम्पल होईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही, जेवायला जायचं तर पाळीपाळीने.

आता प्रत्यक्ष सॅम्पल. पहिला आलेला घोडा तर लागतोच, शिवाय स्टुअर्डला, म्हणजे रेसच्या पंचाला, शंका आली तर कुठलाही, हरलेला फेव्हरिट, एकदम सुधारलेला, एकदम ढेपाळलेला, किंवा उगाच चिठ्ठी टाकून. नाव आलं की तबेल्याचा एक माणूस शेवटपर्यंत घोड्यासोबत राहील असं बघा, आणि तो माणूस असा पाठवा ज्याला वाचता येतं आणि जो घाई करत नाही. आधी मायक्रोचिप वाचून घोडा तोच आहे ना ते बघतात. मग आंघोळ, फिरवणं, पाणी, आणि पाणी तिथलंच, तिथल्याच बादलीत. अंग थंड झालं की ताजा पेंढा घातलेल्या बॉक्समध्ये नेतात. पेंढा पायाखाली आला की बरेच घोडे आपोआप लघवीला उभे राहतात. सॅम्पल घेणारा लांब दांडीला भांडं लावून कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा असतो आणि शीळ घालतो, बारीक, एकसुरी. ज्या तबेल्यात रोज व्यायामानंतर बॉक्समध्ये आणून शीळ घालायची सवय लावलेली असते तिथला घोडा पाच मिनिटांत मोकळा होतो, बाकीचे तासभर तुमच्याकडे बघत उभे राहतात. ही सवय लावायला एक पैसा लागत नाही, आजपासून लावा. ठरावीक वेळ, साधारण तासभर, वाट बघून नाहीच झाली तर मानेच्या शिरेतून रक्त घेतात, बऱ्याच ठिकाणी दोन्ही घेतात.

तुमच्या माणसाचं काम इथे सुरू होतं. सॅम्पल घेणाऱ्याने नवे हातमोजे घातले का, भांडं त्याच्यासमोर फोडलेल्या सीलबंद पाकिटातून काढलं का, लघवी दोन बाटल्यांत, ए (आधी तपासायची) आणि बी (राखून ठेवायची), ओतताना तो बघत होता का, झाकण बसल्याचा आवाज आला का, बाटलीवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर एकच आहे का, एकेक आकडा बोटाने मिळवायचा. लॅबला घोड्याचं नाव कळत नाही, फक्त तो नंबर, म्हणून तो नंबरच सगळं काही. काही खटकलं तर भांडायचं नाही, फॉर्मवर शेऱ्याच्या जागी लिहायचं आणि मग सही करायची. सही झाल्यावर महिन्याने "त्या दिवशी हातमोजे नव्हते" म्हटलं तर कोण ऐकणार. घोड्याला गेल्या काही दिवसांत कुठलं औषध दिलंय ते विचारलं तर वहीत आहे तेच सांगायचं.

रेस नसताना पण येतात, सकाळी सहाला, न सांगता, कुठेही. त्यांना दारात थांबवून ठेवणं, घोडा कुठे आहे माहीत नाही म्हणणं, हे सॅम्पल नाकारल्यासारखंच धरतात आणि त्याची शिक्षा पॉझिटिव्हइतकीच जड असू शकते. २०१३ मध्ये न्यूमार्केटला ट्रेनर माहमूद अल झरूनीच्या तबेल्यात रेस नसताना असेच सॅम्पल घेतले, ११ घोड्यांत अॅनाबॉलिक स्टेरॉइड सापडली आणि त्याला आठ वर्षांची बंदी लागली. यात हल्ली आयाळीचे केसही घेतात, मुळाजवळून कापलेली पेन्सिलीएवढी बट. आयाळ महिन्याला साधारण २ ते २.५ सेंटीमीटर वाढते, म्हणजे हातभर केसात वर्षाच्या वर इतिहास, क्लेनब्युटेरॉलसारखी (दम लागण्यावरचं औषध, जे स्नायू वाढवायलाही वापरतात) गोष्ट लघवीतून गेलेली असली तरी केसात बसून राहते, गडद केसात तर जास्तच. त्यामुळे नवीन घोडा विकत घेताना करारात केसांची टेस्ट मागा, नाहीतर आधीच्या तबेल्याने केलेलं तुमच्या गळ्यात येईल.

आणि कधीतरी पॉझिटिव्ह आल्याचा तो फोन आलाच तर. पहिलं काम, काहीही फेकू नका, आवरू नका, कपाट, कचऱ्याचा डबा, पोती, सगळं जसं आहे तसं. त्या घोड्याची वहीची पानं, व्हेटची बिलं, खाद्याची सीलबंद पिशवी, त्या दिवशी कोण कोण हजर होतं त्याची यादी, हे एका जागी. स्टाफला दमात घेऊ नका, घाबरलेला माणूस खरं सांगत नाही, आणि तुम्हाला आत्ता खरंच हवंय. बी बाटली दुसऱ्या लॅबमध्ये उघडायची की नाही हे ठरवायला मोजके दिवस असतात, पत्रातली शेवटची तारीख आधी वाचा. माझं मत विचाराल तर बी सॅम्पल वेगळं येईल या आशेवर राहू नका, ए बाटलीत मास स्पेक्ट्रोमीटर या लॅबच्या यंत्रावर जे पक्कं झालंय ते बी बाटलीत बहुतेक वेळा असतंच. तरी मागवा, निदान आकडा कळतो, आणि आकडा कळला तर व्हेट सांगू शकतो की हे मोठ्या डोसचं शिल्लक आहे की चाऱ्यातून आलेलं किरकोळ. शिक्षा ठरवताना तो फरक पडतो. आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत बक्षिसाची रक्कम हिशोबात धरायची नाही, बऱ्याच ठिकाणी ती तोवर हातात मिळतच नाही.